दोन मशिदींमधली सफूरा

जुन्या पनवेलात ‘मशीद कुठे आहे’ असं विचारलं, तर म्हातारी माणसं आधी विचारतात, ‘कुणाची? मुसलमानांची का इस्राएलांची?’ कोकणातले यहुदी स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात, आणि त्यांच्या प्रार्थनाघरालाही इथे पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हटलं जातं. दोन्ही मशिदींत चालत सात-आठ मिनिटांचं अंतर. सफूरा तुंगेकर एकीच्या मागच्या मोहल्ल्यात राहायची आणि दुसरीची झाडलोट करायची.

हे काम तिच्याकडे सासरहून आलं होतं. सासरे सुतार होते. इस्राएलांच्या मशिदीतले बाक त्यांनी केले, आणि बाकांची डागडुजी करता करता चावी त्यांच्याकडे राहायला लागली. त्यांच्यामागून ती नियाजकडे, म्हणजे सफूराच्या नवऱ्याकडे आली. सहा वर्षांपूर्वी नियाज छातीत कळ येऊन बसल्या जागी गेला. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मशिदीला लागूनच राहणाऱ्या सेगुलाबाई दिघोडकर स्वतः मोहल्ल्यात आल्या. तार ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या. दारातच म्हणाल्या, “सफूरा, चावी तुझ्याकडेच राहू दे. नवीन माणसाला आम्ही ओळखणार कधी आणि विश्वास टाकणार कधी?”

तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी सफूरा तिथे जायची. फरशी पुसायची, बाकांवरची धूळ झटकायची, छताला टांगलेल्या दिव्यांचे काचेचे पेले साबणाने धुऊन त्यांत खोबरेल भरायची. संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागायचा. पनवेलात आता त्यांची चारच घरं उरली होती आणि प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते काही जमायचे नाहीत. बहुतेक शुक्रवारी सेगुलाबाई एकट्याच मागच्या बाकावर बसून प्रार्थनेचं पुस्तक वाचायच्या.

सफूरा स्वभावाने भित्री. कुत्र्याला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, बँकेत फॉर्म भरताना पेन हातातून सुटायचं. पोलिसांना तर ती रस्ता ओलांडून टाळायची. नियाज थट्टेने म्हणायचा, “सफूराला तिच्या सावलीने सलाम केला तरी ती दचकेल.” अशी बाई पुढे त्या एका शुक्रवारी जशी वागली, ते पाहून मोहल्ल्यातल्या लोकांना नवल वाटलं. तिला स्वतःला मात्र नवल वाटलं नाही, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे ती त्या दिवशीही तेवढीच घाबरलेली होती.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात तिकडे इस्राएल देशात लढाई पेटली. आधी इस्राएलच्या बाजूची माणसं मारली गेली, पकडून नेली गेली. मग गाझावर बॉम्ब पडायला लागले आणि थांबेचनात. मोहल्ल्यात प्रत्येकाच्या फोनवर त्याचे व्हिडिओ. एकात एक पोरगी होती, पाचेक वर्षांची, एका पायात बूट आणि दुसरा अनवाणी, धुळीने सगळी पांढरी झालेली. सफूराने तो व्हिडिओ एकदाच पाहिला. त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही. नमाजेनंतर तिने त्या पोरीसाठी दुवा मागितली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ती उठली आणि मशीद झाडायला गेली. झाडताना सारखं वाटत होतं, आपण कुणाचा तरी गुन्हा करतोय, पण कुणाचा ते कळत नव्हतं.

मारिया ही तिची धाकटी जाऊ. शेजारच्याच खोलीत राहायची, तोंडाने फटकळ, पण मन लावून काम करणारी. एकदा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “भाबी, तिथं लेकरं ढिगाऱ्याखालून काढतायत आणि तुम्ही इथं त्यांचे दिवे पुसताय. अल्लाला काय जवाब द्याल?”

“सेगुलाबाईंनी कुणाला मारलंय?” सफूरा म्हणाली.

“त्यांनी नाही तर त्यांच्या लोकांनी.”

सफूराने सूप जवळ ओढून खडे वेचायला घेतले.  पुढच्या आठवड्यात बायकांच्या दर्समध्ये, जिथे दर गुरुवारी कुराणाचा अर्थ सांगितला जायचा, तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली. दुकानदाराने दूध देताना नेहमीचं ‘खैरियत?’ विचारलं नाही. एवढंच. कुणी अंगावर आलं नाही, शिवी दिली नाही. पण सफूरा रस्त्याने चालताना मागे पाहायला लागली.

तिचा मुलगा अरसलान चोवीस वर्षांचा, एसी दुरुस्तीचं शिकलेला. त्याची कतारमधल्या दोह्याची नोकरी पक्की झाली होती, फक्त पोलिसांचा दाखला यायचा होता. तो आईला काही बोलला नाही, पण त्याच्या फोनवरच्या स्टेटसवर रोज काहीतरी लालभडक असायचं. सफूराला वाचता यायचं. तिने एकदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

नोव्हेंबरात कळलं की कुठल्या कुठल्या यहुदी मशिदींना धमकीचे मेल आलेत. पनवेलच्या मशिदीच्या फाटकापाशी पोलिसांची खुर्ची आली. त्या खुर्चीवर बहुतेक वेळा निनाद नावाचा तरुण हवालदार असायचा, नेरे गावाच्या बाजूचा. पहिल्या शुक्रवारी त्याने सफूराला अडवलं. नाव विचारलं, आधार कार्ड पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“चावी तुमच्याकडे?”

“हो साहेब.”

“तुमच्याकडे कशी काय?”

तिने सासऱ्यांपासून सगळं सांगितलं. त्याने तिची पिशवी उघडायला लावली. फडकं, साबणाची वडी, खोबरेलची बाटली. बाटलीचं झाकण काढून त्याने वास घेतला. पुढचा प्रत्येक शुक्रवार तसाच. “ड्यूटी आहे, मावशी,” तो म्हणायचा. तो वाईट बोलायचा नाही, पण सफूराच्या तळहाताला फाटकाच्या शंभर पावलं आधीपासून घाम सुटायचा. मोहल्ल्यातले तिला इस्राएलांची समजत होते, आणि खुर्चीवरचा पोलीस तिला मोहल्ल्यातली समजत होता.

सेगुलाबाईही घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. दारावरची ‘दिघोडकर’ ही पाटी त्यांनी उतरवून कपाटात ठेवली. चौकटीला तिरकी ठोकलेली एक छोटी डबी असते त्यांच्याकडे, आत देवाचं वचन असतं. “तीही काढू का गं?” त्यांनी एकदा सफूराला विचारलं. सफूरा म्हणाली, “नका काढू, बाई.” मग घरी जाताना तिला वाटलं, आपण सांगितलं खरं, पण उद्या काही झालं तर? मशिदीचे ट्रस्टी ठाण्याला राहायचे, त्यांचा सेगुलाबाईंना फोन आला होता की चावी परत घ्यायची का. सेगुलाबाईंनी ते सफूराला सरळ सांगितलं. “मी नको म्हटलं,” त्या म्हणाल्या, आणि पुढे, “पण त्यांना भीती वाटते, त्यांचंही काही चुकत नाही.”

जानेवारीतला शुक्रवार. सकाळचे साडेसात वाजत होते. सफूरा आळीत वळली तेव्हा खुर्ची रिकामी होती. निनाद कोपऱ्यावर चहाला गेला असावा. फाटकाच्या डाव्या अंगाला, सेगुलाबाईंच्या पायरीपासून दोन हातांवर, एक काळी रेक्झिनची पिशवी ठेवलेली होती. जुनी, फुगलेली, आणि तोंडाशी विजेच्या वायरीने करकचून बांधलेली.

सफूरा जागच्या जागी थांबली.

तिच्या मनात पहिला विचार आला तो पळून जाण्याचा, आणि हे तिने पुढे कधी लपवलं नाही. कुणी पाहिलेलं नव्हतं. वळून घरी गेलं असतं तर त्या दिवशी ती आलीच नव्हती असं झालं असतं. सांगायला गेलं तर पहिला प्रश्न तिलाच येणार: तुला कसं दिसलं, तूच कशी पहिली, चावी तर तुझ्याकडेच. अरसलानचा दाखला अजून यायचा होता. दोन पावलं ती मागे सरलीसुद्धा. मग सेगुलाबाईंच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली.

ती चहाच्या टपरीकडे धावत गेली. धावताना चप्पल तुटली, ती तिथेच टाकली.

“साहेब, फाटकाशी पिशवी आहे. मी हात नाही लावला. अल्लाची कसम, मी हात नाही लावला.”

निनादने ग्लास तसाच ठेवला. पिशवी लांबून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. तोही जेमतेम सव्वीस वर्षांचा. त्याने वायरलेसवर कळवलं. पंधरा मिनिटांत दोन गाड्या आल्या, दोऱ्या बांधल्या, आळीतल्या घराघरांतून माणसं बाहेर काढली. बॉम्बशोधक पथक निघालं होतं, अजून पोहोचायचं होतं. दोरीच्या पलीकडे गर्दी जमली, हातात फोन. गर्दीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “चावी त्या मुसलमान बाईकडे असते. तिला विचारा ना.” सफूरा भिंतीला चिकटून उभी राहिली. तिला ते ऐकू आलं तसं आजूबाजूच्या सगळ्यांनाच आलं असणार.

सगळी घरं रिकामी झाली, सेगुलाबाईंचं सोडून. दार आतून बंद. पोलीस लांबून ओरडत होते, “आजी, बाहेर या. लवकर बाहेर या.” एकाने काठीने खिडकीवर ठोकलं. आतून काहीच आवाज नाही. जितकं ओरडतील तितकं घर आणखी गप्प होत गेलं.

“त्या घाबरल्यात,” सफूरा निनादला म्हणाली. “त्यांना वाटतंय, मारायला कुणी आलंय. अशाने त्या कधीच उघडणार नाहीत. मागे बोळ आहे, मोरीचं दार आहे. मी जाते.”

“मावशी, ती भिंत मशिदीला लागून आहे. फुटलं तर...”

“माहीत आहे.”

“मग कशाला जाता?”

 “मला ओळखतात त्या,” एवढंच ती म्हणाली.

निनादने मागे साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बोळाच्या तोंडापर्यंत तो तिच्याबरोबर आला. बोळ दोन हात रुंद, मधून गटार. सफूरा अनवाणी एका पायाने भिंतीला हात लावत लावत गेली. ज्या भिंतीला हात लागत होता तिच्या पलीकडेच पिशवी होती, निदान तिला तसं वाटत होतं. संकटात म्हणतात ती आयतुल कुर्सी म्हणायला घेतली तर मधलेच शब्द सापडेनात. लहानपणापासून पाठ असलेली आयत.

मोरीच्या दाराला तोंड लावून तिने हळू हाक मारली. “बाई. मी सफूरा.”

आत पावलं घासत दाराशी आली. मग आतून, अगदी दाराजवळून, “एकटी आहेस?”

सफूराला तो प्रश्न लागला. सेगुलाबाईंना नेमकं काय विचारायचंय ते तिला कळलं. तिच्यामागे कोण आहे, तिची माणसं तर नाहीत ना. तीस वर्षांच्या ओळखीत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“एकटी आहे, बाई. उघडा.”

कडी निघाली. सेगुलाबाईंच्या पायांत त्राण नव्हतं. त्यांना मधुमेह, सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. सफूराने गॅस बंद केला, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघी बोळातून कशाबशा बाहेर पडल्या. निनादने पुढे होऊन म्हातारीला धरलं. बोळ मागच्या रस्त्याला निघत होता. पुढचा रस्ता दोरीने अडवलेला. ओळखीचं जवळात जवळ घर होतं ते सफूराचं.

मोहल्ल्याची कमान दिसली तशा सेगुलाबाई थांबल्या. “तिकडे नको गं. तिकडे आता मला कोण...” 

“माझ्या घरी चाललोय,” सफूरा म्हणाली. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. आतून तिलाही वाटत होतं की हे चुकतंय. आज शुक्रवार, जुम्याच्या नमाजेसाठी सुट्टी घेऊन सगळे पुरुष गल्लीतच असणार, आणि आपण हिला मधूनच घेऊन चाललोय. सेगुलाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. दोन-तीन माणसांनी पाहिलं आणि बोलणं थांबवलं.  सफूराला ती गल्ली एरवीपेक्षा दुप्पट लांब वाटली.

दारात मारिया उभी होती. तिने म्हातारीकडे पाहिलं, मग जावेच्या अनवाणी पायाकडे.

“ह्या कोण, ते मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“साखर खाली गेलीय त्यांची. आधी आत येऊ दे.”

मारिया बाजूला झाली. सेगुलाबाई खाटेवर बसल्या. सफूरा पाणी भरायला वळली तर तिच्या हातातूनच पेला निसटला. मारियाने तो उचलला, बाजूला ठेवला, चुलीवर दुधाचं पातेलं चढवलं आणि त्यात तीन चमचे साखर घातली. कपबशी नव्हे, घरातला मोठा मग घेतला, आणि तो सेगुलाबाईंच्या तोंडाला स्वतः लावला, कारण त्यांना तो धरवत नव्हता.

एवढ्यात दारात चार-पाच बायका जमल्या. कुजबुज. एक म्हणाली, “हिला इथं कशाला आणलं? पोलीस आले मागोमाग तर?”

दुधाचा मग तसाच हातात धरून मारिया दाराकडे वळली. “आजारी बाई आहे. आत यायचं असेल तर चपला काढून या आणि गप बसा. नाहीतर आपापल्या घरी जा.” सफूरा तिच्याकडे पाहतच राहिली. मारियाने नजर दिली नाही. 

अरसलान आतल्या खोलीतून आला. त्याला फोनवरून सगळं कळलं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि सेगुलाबाईंकडे पाहत म्हणाला, “तुमच्या घरातलं कुणी आहे का तिथं? फौजेत?”

“अरसलान,” सफूरा म्हणाली.

“विचारू दे त्याला.” सेगुलाबाईंच्या आवाजात आता थोडा जीव आला होता. “बहिणीचा नातू आहे. वीस वर्षांचा. तिथला कायदाच आहे, जावं लागतं. मी त्याला दोनदाच पाहिलंय. त्याला मराठी येत नाही आणि मला त्याची भाषा येत नाही.”

“आणि तिथं जे चाललंय ते?”

“मी बघते रे बातम्या. दिवसभर तेच तर करते. ती लहान लहान पोरं बघून मला झोप लागत नाही. आणि त्या मुलाचा फोन आला नाही तरी झोप लागत नाही. ह्यातलं एकच खरं मान, असं सांगशील तर ते मला जमत नाही.”

अरसलान खाली बसला. त्याने खिशातून फोन काढला. “मी काय काय लिहिलंय ते पोलिसांनी पाहिलं असेल,” तो म्हणाला. सेगुलाबाईंनी हात पुढे केला. त्याने फोन द्यायला क्षणभर वेळ लावला, पण दिला. त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं.

“ह्यातलं निम्मं मलाही वाटतं,” त्या फोन परत देत म्हणाल्या. “निम्मं वाचून मला तुझी भीती वाटली. तुला मी ओळखते, तरी वाटली.”

त्याने मान खाली घातली. 

साडेदहाला निनादचा फोन आला. पिशवीत स्फोटक काही नव्हतं. पण सफूराला पोलीस ठाण्यात बोलावलंय, मुलालाही. सफूराने ओढणी नीट केली, मारियाची चप्पल पायात घातली.  सेगुलाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मीही येते.” सफूराने नको म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही.

ठाण्यात लाकडी बाकावर तिघं बसले. आत प्राची नावाच्या उपनिरीक्षक होत्या, तिशीच्या, शांत आवाजाच्या. शांत आवाजाची सफूराला जास्त भीती वाटली. टेबलावर अरसलानच्या स्टेटसचे छापील कागद होते. सफूराने ते लांबूनच ओळखले.

“पिशवी पहिली तुम्हाला दिसली. चावी तुमच्याकडे. त्या वेळी जागेवर पोलीस नव्हता. त्यानंतर तुम्ही यांना स्वतःच्या घरी नेलंत. आणि मुलगा हे लिहितो.” प्राची मॅडमनी कागद पुढे सरकवले. “माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?”

 अरसलान म्हणाला, “मॅडम, लिहिलं ते मी. अम्मीचा त्यात काही संबंध नाही. रागात लिहिलं. काढून टाकतो.”

“काढून टाकलं म्हणजे लिहिलं नाही असं होत नाही.”

“मी वाचलंय ते,” सेगुलाबाई मध्येच म्हणाल्या. “त्याने स्वतः माझ्या हातात फोन दिला. ज्याला मला मारायचं असतं तो मला वाचायला देत नाही. लिहून घ्या हे, मी सही करते.”

प्राची मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, पण कागदावर काही लिहिलं नाही. पिशवीत काय निघालं ते त्यांनी सांगितलं: जुनी पुस्तकं. एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर मराठी, कडा वाळवीने खाल्लेल्या. प्रश्न होता की ती तिथे कुणी आणि का ठेवली. आळीतल्या कॅमेऱ्यात सव्वासातला, निनाद चहाला गेल्यावर, टोपी घातलेला एक म्हातारा दिसत होता, तोंड दिसत नव्हतं. तो सापडेपर्यंत तुम्हाला जाता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

दीड वाजला. जुम्याची वेळ निघून गेली. सफूरा बाकावर बसून होती आणि डोक्यात एकच घोळत होतं: तो म्हातारा सापडला नाही तर? पुस्तकंच निघाली खरी, पण ती मीच कुणाकडून ठेवून घेतली असं म्हणाले तर? सेगुलाबाईंनी तिचा हात धरून ठेवला होता. तो हातही गारच होता.

दोनच्या सुमारास दारातून एक म्हातारा आत आला, पांढरा सदरा, हातात टोपी, बरोबर सून. सून त्याला मागून जवळजवळ ढकलतच होती. दारातच त्याने हात जोडले.

“सायेब... मॅडम. ती पिशवी मीच ठेवली. काशीराम नाव माझा. करंजाड्यात ऱ्हातो.”

सगळे उठून उभे राहिले. म्हातारा घाबरून बोलायचा थांबला. सून, समीक्षा, म्हणाली, “बाबा, सांगा. काही होत नाही.”

हळूहळू त्याने सांगितलं. त्यांच्या गावातलं इस्राएलांचं एक घर त्याच्या वडिलांनी घेतलं होतं, ते लोक साठ वर्षांपूर्वी देश सोडून गेले तेव्हा. आता ते घर पाडून बिल्डिंग व्हायची होती. माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली, पेटीत ही पुस्तकं. “माझा पोरगा परेश बोल्ला, कचऱ्याच्या गारीत टाक. मी बोल्लो, नाय. देवाचा लिवलेला हाय. आपला नाय तं नाय, कुनाचा तरी देवच हाय ना.” मशिदीत आणून द्यावी म्हणून तो उजाडता उजाडता आला. फाटक बंद, शेजारी पोलिसाची रिकामी खुर्ची. “खुर्ची बगूनच मना धडकी भरली. मगारी पोलीस येल नि इचारंल, तू कोन, हितं कनाला आला. म्हून ठेवली नि पलालो. वायर मीच बांदली, पानां बाहेर पडत व्हती म्हून.”

“मग इतक्या उशिरा आलात?” प्राची मॅडमनी विचारलं.

 उत्तर समीक्षाने दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर पिशवीचा फोटो सकाळीच आला होता. तिने सासऱ्याला दाखवला. परेश म्हणाला, गप बसा, नसती लफडी नकोत, त्यांचं ते बघून घेतील. “मग दुसऱ्या मेसेजमध्ये आलं की एका मुसलमान बाईला धरलंय,” समीक्षा म्हणाली. “बाबा जेवणावरून उठले.”

काशीराम सफूराकडे वळला. “बाय, माज्यामुलं तुला तरास झाला. मी भिलो व्हतो.”

“मीही,” सफूरा म्हणाली. सकाळपासून तिचा आवाज पहिल्यांदा नीट फुटला, आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. ती तिथेच, पोलीस ठाण्यात, सगळ्यांसमोर रडली. सेगुलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

जबाब, सह्या होईपर्यंत चार वाजले. अरसलानला प्राची मॅडमनी वेगळं बसवून समज दिली. दाखला अडणार नाही, पण पुन्हा असलं काही दिसलं तर अडेल, असं स्पष्ट सांगितलं. बाहेर पडताना निनाद ठाण्याच्या फाटकापाशी उभा होता. तो सफूराला म्हणाला, “मावशी, सकाळी मी जागेवर हवा होतो. ते मी जबाबात लिहिलंय.” त्याला त्याची शिक्षाही झाली, पंधरा दिवसांनी त्याची बदली झाली.

फाटकी धर्मपुस्तकं इस्राएल लोक टाकत नाहीत, पुरतात. सेगुलाबाईंनी हे रस्त्यात सांगितलं तेव्हा अरसलान म्हणाला, “आमच्याकडेही कुराणाचे फाटके वरक पुरतात.” रविवारी ठाण्याहून ट्रस्टी आले. इस्राएलांच्या कबरस्तानात खड्डा अरसलानने आणि काशीरामने मिळून खणला. परेश आला नाही. ट्रस्टींनी सफूराचे आभार मानले, पण फार जवळ आले नाहीत. तिलाही ते फारसं खटकलं नाही.

हे सगळं झालं म्हणून मोहल्ला बदलला असं कुणी म्हणू नये. दर्समधल्या दोन बायका अजूनही सफूराशी बोलत नाहीत. लढाईच्या बातम्या येतच राहिल्या आणि त्या पाहून सफूरा रडतच राहिली. अरसलान मार्चमध्ये दोह्याला गेला. फाटकापाशी नवीन हवालदार आला, त्यानेही पहिल्या दिवशी आधार कार्ड मागितलं, आणि सफूराच्या हाताला तसाच घाम सुटला.

पण हे झाल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी सकाळी ती निघाली तेव्हा मारिया आपणहून चप्पल घालून दारात उभी होती.

“कुठे चाललीस?” सफूराने विचारलं.

“तुमच्याबरोबर. फाटकापर्यंत. आत नाही येणार मी.”

“नको येऊस आत.”

दोघी गल्लीतून निघाल्या. मारिया बाहेरच्या बाजूने चालत होती. कमानीपाशी उभ्या असलेल्या माणसांनी पाहिलं. मारियाने त्यांना मोठ्याने सलाम केला. सलाम केला की धर्माप्रमाणे जवाब द्यावाच लागतो, तो त्यांनी दिला.